नावाची उगवणक्षमता

मृग निघायच्या आधी जालन्याच्या बियाणे बाजारात शेतकरी जे विकत घेतो, ते त्याला दिसत नसते. दाणा टपोरा आहे, रंग बरा आहे, एवढेच डोळ्यांना कळते. तो उगवेल का, रोप जातिवंत निघेल का, ऐन फुलोऱ्यात रोगाला बळी पडेल का, हे कळायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर पैसा, पाऊस व हंगाम तिन्ही हातचे गेलेले असतात. म्हणून तो दाण्यापेक्षा पिशवीवरच्या नावावर भरवसा टाकतो. शेंद्रा किंवा वाळूजच्या कारखान्यात माणसे निवडणाऱ्या अधिकाऱ्याची आणि घर बांधण्यासाठी गवंडी शोधणाऱ्या कुटुंबाची अवस्था याहून वेगळी नाही. समोरचा माणूस आज चांगला बोलतो. सहा महिन्यांनी तो कसे काम करील हे कागदावरून कळत नाही. टॉम पीटर्स या अमेरिकी लेखकाने १९९७ मध्ये लिहिलेल्या एका लेखानंतर ‘पर्सनल ब्रँड’ हा शब्द जगभर पसरला. आपल्या व्यापारी पेठांत त्यासाठी फार जुना शब्द आहे : पत. फरक इतकाच की पत लोक देतात, आणि ब्रँड आपण स्वतः घडवायचा असतो, असा समज झाला आहे. हा समज अर्धाच खरा आहे, आणि बियाण्यांच्या धंद्यात मुरलेल्या जालना जिल्ह्याइतका तो स्पष्टपणे दाखवून देणारा दुसरा भाग महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

न दिसणाऱ्या गुणाचा व्यवहार कसा चालतो, याचा विचार अर्थशास्त्राने बारकाईने केला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेतले. चांगली गाडी कोणती आणि खटारा कोणता हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खटारे उरतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हाच प्रश्न नोकरीच्या बाजाराला लावला. उमेदवाराने दिलेली खूण कधी उपयोगी पडते, तर ती खोटेपणाने मिळवणे महाग असते तेव्हाच. जी खूण कोणीही फुकट लावू शकतो, ती काहीच सांगत नाही. या कसोटीवर आपल्याकडचे बायोडाटा तपासले तर वाईट वाटते. ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी’ ही विशेषणे प्रत्येक अर्जात असतात, म्हणूनच वाचणाऱ्याची नजर त्यांवरून घसरते. यात दोष मुलांचा नाही, त्यांना असेच लिहायला शिकवले गेले आहे. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा हा अनुभव एकदा घेतलेला मालक पुढच्या दहा खऱ्या सोनुबाईंवरही विश्वास ठेवत नाही.

आता जालन्याकडे येऊ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. जालन्याला बियाण्यांची राजधानी म्हटले जाऊ लागले, त्याचा पाया या कामात आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची सुरुवात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ नावाची भेंडी काढली होती. केवडा रोगाने पिवळ्या पडणाऱ्या भेंडीच्या तुलनेत ती टिकायची. बारवाल्यांच्या बियाणे व्यवसायाचा आरंभ या भेंडीच्या बियाण्यापासून झाला. दावा किती लहान होता पाहा : एक पीक, एक वाण, एक गुण. शेतकऱ्याला तो एका हंगामात स्वतःच्या बांधावर तपासता येत होता. आपल्याविषयी सांगताना बहुतेक माणसे याच्या उलट करतात. सगळे येते असे सांगतात आणि मग ऐकणाऱ्याला काहीच तपासता येत नाही. ‘मोटार रिवाइंडिंग करतो’ यापेक्षा ‘विहिरीवरच्या पाणबुडी मोटारी दुरुस्त करतो, जळालेली मोटार दोन दिवसांत परत देतो’ हे सांगणे अरुंद आहे, म्हणूनच भक्कम आहे.

याच कथेला दोन पुढचे धडे जोडलेले आहेत आणि ते कमी सुखाचे आहेत. पुसा सावनीची रोगाला तोंड देण्याची ताकद कायम राहिली नाही. काही वर्षांनी तिलाही केवडा येऊ लागला आणि नवी वाणे शोधावी लागली. प्रमाणित बियाण्याच्या लेबलची मुदतसुद्धा तपासणीच्या तारखेपासून ९ महिने असते, नंतर पुन्हा उगवण तपासावी लागते. दहा वर्षांपूर्वी टॅली शिकलेल्या माणसाने आज त्याच प्रमाणपत्रावर पत मागितली, तर ती पिशवी मुदतबाह्य आहे. दुसरा धडा असा, की एका पिकात मिळवलेला विश्वास दुसऱ्या पिकात आपोआप चालत नाही. महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने स्थगिती दिली. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. माझा मुद्दा वेगळा आहे. लोकांनी भेंडी आणि कापसाच्या नावावर वांगे पारखले नाही, त्याची तपासणी नव्याने मागितली. उत्तम हिशेबनीस उत्तम व्यवस्थापक असेलच असे नाही, आणि हे मालकाला कळते.

पण नावाची खरी शाळा कंपनीच्या कचेरीत भरत नाही. ती बीजोत्पादकाच्या शेतात भरते. जालना, जाफराबाद आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा परिसरात हजारो शेतकरी कंपन्यांसाठी संकरित बियाणे पिकवतात, भाजीपाल्याचे तर शेडनेटमध्ये. कपाशी किंवा भेंडीचे काम पाहा. मादी ओळीतल्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे परागकण तिला लावायचे. हे ‘क्रॉसिंग’ बहुतांशी बायका करतात, आठवडेच्या आठवडे, हजारो कळ्यांवर. एक कळी सुटली तर तिच्यात स्वपरागीकरण होते आणि संकरित बियाण्यात भेसळीचे दाणे मिसळतात. कोणती कळी सुटली हे कोणालाच दिसत नाही. दिसते ते पुढे, ‘जीओटी’त, म्हणजे त्या लॉटचे नमुने पेरून रोपांची आनुवंशिक शुद्धता मोजली जाते तेव्हा. लॉट पास झाला तर पूर्ण पैसे मिळतात. नापास झाला तर महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. दोन-तीन हंगाम लॉट पास होत राहिले की त्या शेतकऱ्याला पुढचे प्लॉट आधी मिळतात, अवघड आणि जास्त भावाची पिके मिळतात. या माणसाने स्वतःची जाहिरात कधी केलेली नसते, व्हिजिटिंग कार्डही छापलेले नसते. तरी त्याचा ब्रँड आहे, आणि तो कोणी न पाहणाऱ्या संध्याकाळी काढलेल्या पुंकेसरांनी बनला आहे. स्पेन्स यांनी सांगितलेली महाग खूण ती हीच. क्रॉसिंग करणाऱ्या बायकांची नावे मात्र त्या लॉटवर कुठे येत नाहीत. हा अन्याय आहे, आणि या लेखाच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे : ज्यांच्या कामाची नोंद दुसऱ्याच्या नावावर होते, त्यांना पत साठवताच येत नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग झाले तर. काम चांगले करावे, नाव आपोआप होईल, सांगत कशाला सुटायचे? शिवाय आपल्या तोंडाने आपली स्तुती करणे आपल्याकडे हलके समजले जाते. या आक्षेपाचा मी आदर करतो, पण तो पुरा पटत नाही. बीजोत्पादकाचे काम कंपनीला कळते, कारण मोजणी करणारी यंत्रणा मध्ये उभी आहे. गवंडी, शिंपी, वेल्डर, अनुवादक, शिकवणी घेणारी बाई यांच्या कामाची जीओटी कोणी करत नाही. पोत्यातले बी स्वतःहून बोलत नाही. म्हणूनच बियाणे कंपन्या रस्त्यालगतच्या शेतात प्रात्यक्षिक प्लॉट घेतात, वाणाची पाटी लावतात आणि शेतकऱ्यांना पीक पाहणीला बोलावतात. त्यात बढाई नसते, तपासायचे आमंत्रण असते. ‘मी उत्तम वेल्डर आहे’ ही स्तुती झाली. ‘गेल्या वर्षी अमुक गावात पाण्याच्या सहा टाक्या केल्या, जाऊन पाहा आणि गळती असेल तर मला सांगा’ ही माहिती झाली. पहिले वाक्य ऐकणाऱ्याकडून विश्वास मागते, दुसरे त्याच्या हाती परीक्षेचे साधन देते. शितावरून भाताची परीक्षा करू देणे म्हणजेच स्वतःचा परिचय करून देणे. व्हॉट्सॲपवर टाकलेले कामाचे चार फोटो, तारीख आणि ठिकाणासह, एवढ्यानेही हे साधते. आणि बियाणे उगवले नाही तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते, तसा प्रसंग माणसावरही येतोच. चूक झाल्यावर फोन उचलणारा कारागीर लोकांच्या फार काळ लक्षात राहतो.

सांगायचे कोणाला, हाही प्रश्न आहे. आपण नोकरीसाठी प्रथम पाव्हण्यारावळ्यांना विचारतो. पण त्यांना माहीत असलेल्या जागा बहुधा आपल्यालाही माहीत असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले, की कामाची बातमी अनेकदा अर्धवट ओळखीच्या माणसांकडून येते. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवर केलेले आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेले संशोधन त्याला दुजोरा देते : फार जवळच्या ओळखींपेक्षा बेताच्या ओळखींनी नोकरी बदलायला अधिक मदत केली. आयटीआयचे निदेशक, सुटे भाग विकणारा दुकानदार, जुने गिऱ्हाईक ही ती माणसे. नावाबरोबर गावही वाहत जाते, हे येथे जोडून सांगायला हवे. भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या, म्हणजे आजच्या भोकरदनच्या, दात्यांनी स्वतःची ओळख गावासकट कोरून ठेवली आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून एका बागायतदाराने हिरवी फळे भरून पाठवली तर दर सगळ्यांचा पडतो.

सर्वांत जड आक्षेप शेवटी घेतो, कारण त्याला सोपे उत्तर नाही. पत कामाने मिळते हे खरे धरले, तरी काही नावे कामापर्यंत पोचूच दिली जात नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावांत होता. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना कमी बोलावणी आली. अशा उमेदवाराला ‘स्वतःचा ब्रँड घडव’ असा उपदेश करणे म्हणजे दार लावून घेऊन ठोठावण्याची पद्धत शिकवणे आहे. तपासता येणारा पुरावा त्याला थोडी मदत करतो, कारण पुराव्याकडे पाहणाऱ्याला आडनावाचा आधार कमी लागतो. तरी उरलेली जबाबदारी निवडणाऱ्याची आहे, आणि ती कशी पाळावी हेही बियाण्यांच्या धंद्याला ठाऊक आहे. बीज परीक्षण प्रयोगशाळेत नमुना आला की त्याला सांकेतिक क्रमांक देतात. दाणे मोजून उगवणीला लावणाऱ्या तंत्रज्ञाला ते कोणत्या कंपनीचे, कोणत्या शेतकऱ्याचे, हे माहीत नसते. जालन्याच्या पोलाद कारखान्यात फिटर घेताना किंवा दुकानात हिशेबनीस ठेवताना पहिल्या फेरीत नाव झाकून, एक दिवसाचे काम मजुरी देऊन करून घेणे मुळीच अवघड नाही. त्या दिवसाचा निकाल लागला, की मग पाकीट उघडून नाव वाचावे.