वॉर्सा येथील प्रुझ्ना गल्ली : नांव आणि घरें

स्थलनाम हा इतिहासाचा पुरावा खरा; परंतु तो एकटा घेतल्यास दिशाभूल करतो. पोलंडची राजधानी वॉर्सा येथील एका आखूड गल्लीच्या वृत्तांतावरून हें स्पष्ट होतें.

शहराच्या मध्यभागीं ग्झिबोव्स्की चौकापासून मार्शाउकोव्स्का या हमरस्त्याकडे ही गल्ली जाते. चौकाचें नांव यान ग्झिबोव्स्की यानें 1650 सालीं वसविलेल्या पेठेवरून आलें, तर हमरस्त्याचें नांव फ्रान्चिशेक ब्येलिन्स्की या राजाधिकाऱ्याच्या 'मार्शल' या पदावरून. मधल्या गल्लीच्या वांट्यास मात्र 'प्रुझ्ना', म्हणजे संस्कृतांतील 'रिक्ता', हें नांव आलें; कारण त्या काळीं तेथें वस्ती नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें मजलेदार इमारती उभ्या राहिल्या व यहुदी दुकानदारांचा लोखंडी सामानाचा व्यापार भरभराटला. खिळे, कुलपें, बिजागऱ्या यांसाठीं गिऱ्हाईक या भागांत येई. येथील एक घरमालक झाल्मान नोझिक यानें व त्याच्या पत्नीनें जवळच बांधविलेलें प्रार्थनामंदिर 1902 सालीं उघडलें. तेथें आजही उपासना चालते. एवंच, 'रिकामी' गल्ली माणसांनीं भरून गेली. नांव तेवढें तसेंच राहिलें.

1940 च्या नोव्हेंबरांत जर्मनांनीं यहुद्यांची वस्ती भिंतींनीं कोंडली, तींत ही गल्लीही आली. 22 जुलै 1942 पासून त्या वस्तींतील सुमारें अडीच लाखांहून अधिक माणसें ट्रेब्लिंका येथें मारण्यासाठीं नेण्यांत आलीं. पुढें 1944 च्या उठावानंतर जर्मनांनीं शहरच उद्ध्वस्त केलें. तथापि या गल्लींत 7, 9, 12 व 14 क्रमांकांचीं घरें समोरासमोर उभीं राहिलीं. घरें राहिलीं, रहिवासी मात्र उरले नाहींत. ज्या नांवानें पूर्वीं घरांचा अभाव दर्शविला, त्यास हा दुसरा अभाव मुळींच ठाऊक नाहीं. त्याची साक्ष घरांच्या भिंतीच देतात.

2004 पासून आयझॅक सिंगर या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या यिडिश लेखकाच्या नांवें या परिसरांत सांस्कृतिक महोत्सव होऊं लागला. 7 व 9 क्रमांकांच्या घरांचा जीर्णोद्धारही 2013 च्या सुमारास झाला. जीर्णोद्धारानें घर वांचतें, हें निर्विवाद. परंतु भिंतीवरील खुणा बहुधा नव्या गिलाव्याखालीं जातात. म्हणून गंवड्याचा हात लागण्यापूर्वीं संशोधकानें तेथें जाऊन त्यांची नोंद करून ठेवावी, असें आम्हांस वाटतें.