पाळी आली, पण हाडं अजून वाढतायत

दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी भागातून ऊसतोडीची बिऱ्हाडं निघू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईबापांची काळजी खोटी नाही. त्या काळजीवर शोधलेला उपाय, म्हणजे लवकर लग्न, मात्र पोरीच्या अंगावर येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 35 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचा आकडा 21.9 टक्के.

‘पाळी आली, आता काय राहिलं?’ हे अशा सोयरिकीत हमखास ऐकू येतं. बरंच काही राहिलेलं असतं. पाळी सुरू झाल्यावरही काही वर्षं उंची वाढते, आणि उंची थांबली तरी कंबरेची हाडं रुंदावत राहतात. जन्ममार्ग पुरता वाढला नसेल तर बाळाचं डोकं अडकतं, कळा तासन्‌तास चालतात. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही, तर गर्भाशय फाटण्याची भीती असते. मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून लघवी सतत गळत राहण्याचीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, विशीतल्या मातांपेक्षा किशोरवयीन मातांना गरोदरपणातले झटके आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका जास्त असतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं निघण्याचाही.

यावर उत्तर तयार असतं : सिझर आहे की! पण सिझरला अंगात रक्त लागतं, आणि राज्यातल्या 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. म्हणून तर शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. लग्न झालं की बहुतेकींची शाळा सुटते, आणि शाळेतली गोळीही. पुढे दिवस गेले, की वय उघड होऊन पोलीस केस होईल या धास्तीनं घरचे दवाखान्यात नाव उशिरा घालतात. वाढलेला रक्तदाब ज्या तपासण्यांत सापडायचा, त्याच हुकतात.

‘आमच्या आजीचं लग्न बाराव्या वर्षी झालं, दहा बाळंतपणं झाली, आजी ठणठणीत.’ खरं असेल. पण ज्या पहिल्याच बाळंतपणात गेल्या, त्या कुणाच्या आजी झाल्याच नाहीत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातूनच डॉक्टर होण्याची ओढ लागली. 1886 मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात पदवी घेतली, तीही प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून.

‘लग्न उरकून घेऊ, नांदायला नंतर पाठवू’ हा शब्द हंगाम आला की टिकत नाही. कोयत्याला जोडी लागते.

आणि तिशीच्या आतबाहेर पाळीच्या, ओटीपोटाच्या त्रासावर सल्ला मिळतो : गर्भपिशवी काढून टाका, त्रास संपेल. लवकरची बाळंतपणं, उपचाराविना राहिलेला संसर्ग, फडात ना पाणी ना आडोसा, अशा सगळ्यातून हा त्रास वाढलेला असतो. शेजारच्या बीडमध्ये 2019 साली राज्य समितीच्या पाहणीत 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. सोबत दोन्ही अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती ऐन तरुणपणी येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. मोळी मात्र डोक्यावर तशीच असते.

‘एकदा अक्षता पडल्या की काही करता येत नाही’ हाही गैरसमजच. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, 1098 वर कुणीही कळवू शकतं. 2006 च्या कायद्यानुसार मुलीला वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत जिल्हा न्यायालयात हे लग्न रद्द करून मागता येतं. झालेलं मूल तरीही औरसच ठरतं, आणि तिचं दुसरं लग्न होईपर्यंत पोटगीचा आदेश न्यायालय देऊ शकतं.