विम्याचा नकार आला तर

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी पतीच्या पहिल्या वर्षाची मिस्सा सांगावयास आली. तारीख लिहून झाली. उठता उठता तिने पिशवीतून घडी घातलेले एक पाकीट काढले व म्हणाली, "फादर, एवढे इंग्रजी वाचून सांगता काय?" पत्र विमा कंपनीचे होते. तिचा पती गवंडी. त्याने पाच लाखांचा आयुर्विमा उतरविला होता आणि कंपनीने ती रक्कम देण्याचे नाकारले होते. पत्र येऊन दहा महिने झाले होते. इतके दिवस ते घरच्या आल्तारावर क्रुसामागे ठेवलेले होते. "मोठ्या ऑफिसचा कागद, त्यांनी नाही म्हटले म्हणजे नाहीच," अशी तिची समजूत. कंपनीचे पत्र म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. त्या दहा महिन्यांमुळेच आम्ही हे लिहावयास बसलो आहोत.

असे पत्र हाती पडले की प्रथम दोन तारखा शोधाव्यात: पॉलिसी कधी सुरू झाली आणि मृत्यू कधी झाला. १९३८ च्या विमा कायद्यात ४५ वे कलम आहे. २०१५ सालच्या दुरुस्तीने त्यात असे ठरले आहे की, पॉलिसीस तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीस ती कोणत्याही कारणाने खोटी म्हणता येत नाही. आजार लपविला, चुकीचे लिहिले, फसविले, यांपैकी कोणताही आरोप तीन वर्षांनंतर चालत नाही. मात्र हप्ते थकून पॉलिसी बंद पडली व पुन्हा चालू केली असेल, तर ही तीन वर्षे त्या दिवसापासून नव्याने मोजतात. म्हणून हप्ता थकविणे हे दिसते त्याहून महागात पडते.

आमच्या गवंड्याच्या पॉलिसीस दोन वर्षे चार महिने झाले होते. तेव्हा कंपनीस विचारण्याचा अधिकार होता. परंतु त्या अधिकारासही कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. नकाराचे कारण व त्याचा आधार कंपनीने लेखी द्यावा लागतो. लपविलेली गोष्ट विम्याच्या जोखमीशी थेट संबंध असलेली हवी, आणि ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने दाखवावे लागते. फसवणुकीचा आरोप नसून केवळ चुकीच्या माहितीमुळे नकार असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. उलट फसवणुकीचा आरोप असेल आणि विमाधारक हयात नसेल, तर ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार वारसांवर येतो. हा भाग आम्हांस कठोर वाटतो. नवऱ्याने एजंटाला काय सांगितले होते, हे त्याच्या माघारी बायकोने कोठून सांगावे?

पत्रात कारण दिले होते ते असे: विमाधारकास पाच वर्षांपासून मधुमेह होता व त्याने तो लपविला. हे 'पाच वर्षे' कोठून आले? इस्पितळाच्या केसपेपरवरून. त्याला बेशुद्ध स्थितीत नेले त्या रात्री मेहुण्याने घाबरून सांगितले होते, "साखर आहे, पुष्कळ वर्षे झाली." लिहिणाऱ्याने पाच लिहिले. प्रत्यक्षात गावच्या डॉक्टरांच्या वहीत मधुमेहाची पहिली नोंद पॉलिसी घेतल्यानंतर आठ महिन्यांची निघाली. जो आजार स्वतःस ठाऊकच नव्हता तो माणूस लपविणार कसा?

न्यायालयांनी हा फरक फार पूर्वीच ओळखला आहे. १९६२ साली मिठूलाल नायक यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४५ व्या कलमाच्या तेव्हाच्या शब्दांचा अर्थ लावताना तीन गोष्टी पाहिल्या: लपविलेली बाब महत्त्वाची होती काय, ती कपटाने लपविली काय, आणि आपण सांगतो ते खोटे आहे हे विमाधारकास ठाऊक होते काय. त्या खटल्यात तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' आले व दावा बुडाला. विमाधारकाने आधीच्या गंभीर दुखण्यावर डॉक्टरांचे औषध घेतले होते आणि फॉर्मवर मात्र नाकारले होते.

हे सांगण्याचे कारण असे की, प्रत्येक नकार अन्यायाचाच असतो असे नाही. याच वर्षी दुसरे एक कुटुंब आमच्याकडे आले. त्यांच्या माणसाची हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, आणि पुढच्याच वर्षी भरलेल्या फॉर्मवर 'कोणतीही शस्त्रक्रिया नाही' असे लिहिलेले. फॉर्म एजंटाने भरला असे ते म्हणाले. असेलही. पण खाली सही त्याचीच होती, आणि मजकूर आपणांस मराठीतून वाचून दाखविला गेला या ओळीखालीही सही होती. आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले की येथे भांडून लाभ नाही. हप्ते परत मिळतात काय एवढे विचारावे. ते नाराज होऊन गेले.

आता दाद कोठे मागावी ते सांगतो. प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्यास लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी. नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही चालत नाही. नॉमिनीने किंवा वारसाने स्वतः अर्ज करावयाचा. मुदत एक वर्षाची व दाव्याची मर्यादा ५० लाखांची. बेळगावकडील आम्हां लोकांसाठी हे कार्यालय बंगळुरास आहे, इंदूर-ग्वाल्हेरकरांसाठी भोपाळास, वडोदरेकरांसाठी अहमदाबादेस, हैदराबादकरांसाठी त्यांच्याच शहरी. अर्ज घरबसल्या पाठविता येतो व सुनावणी व्हिडिओवरही होते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो व तो ३० दिवसांत पाळावा लागतो. अर्जदारास मात्र तो पटला नाही तर पुढे जाण्याची मोकळीक राहते.

पुढे म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगाकडे. तेथील मुदत दोन वर्षांची. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि भरलेल्या हप्त्यांची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. पण क्रम चुकवू नये: आयोगाकडे किंवा न्यायालयात प्रकरण चालू असताना लोकपाल ते हाती घेत नाही. वकील हवाच असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस, उत्पन्न न पाहता तेथे मोफत वकील मिळतो. असे असता 'दावा मिळवून देतो, अर्धे आम्हांस द्या' म्हणणाऱ्यांच्या हाती मूळ पॉलिसी देणे हा शुद्ध वेडेपणा होय.

आमच्या भगिनीजवळ वेळ थोडा होता. कंपनीस अर्ज गेला, उत्तर आले नाही; महिना उलटताच लोकपालाकडे कागद गेले, त्यांत डॉक्टरांच्या वहीची प्रत व मेहुण्याचे निवेदन. सुनावणी आमच्या ऑफिसातील संगणकावर झाली. ती एवढेच म्हणाली की त्यांना साखर आहे हे आम्हांला पॉलिसीनंतर कळले. चौथ्या महिन्यात निवाडा तिच्या बाजूने लागला व पैसे बँकेत आले. दरम्यान थोरल्या मुलाने कॉलेज सोडले होते. तो परत गेला नाही.

आणखी काही गोष्टी. मृताचे पासबुक उघडून पाहा. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये कापले गेलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता होय, व घरच्यांस दोन लाख मिळू शकतात. कित्येक घरांत याचा पत्ताच नसतो. पगारातून हप्ता कापून मालकाने तो विमा कंपनीकडे भरलाच नाही, अशा प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने विमा संस्थेसच जबाबदार धरले. तेव्हा पगाराच्या पावत्या टाकू नयेत. गोव्याच्या किनाऱ्यावरील वाचकांनी हेही लक्षात ठेवावे: समुद्रात गेलेला माणूस सापडला नाही तर कायदा सात वर्षांनी त्यास मृत मानतो, पण मधल्या काळात हप्ते थांबवून पॉलिसी बंद पडू दिली तर दावा टिकत नाही, असे २००४ सालच्या निकालात आहे.

राहिला वयाचा व नावाचा घोळ. वयाचा पुरावा कंपनी केव्हाही मागू शकते; त्यास तीन वर्षांचे बंधन नाही. बाप्तिस्म्याचा दाखला येथे पुष्कळदा उपयोगी पडतो. पण आमच्या वहीत 'साल्वादोर', आधार कार्डावर 'सावळू' आणि पॉलिसीवर तिसरेच काही, असे आम्ही पाहिले आहे. मग दोघे एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. हे माणूस हयात असतानाच दुरुस्त करून घेतलेले बरे. दाखला मागावयास येताना पॉलिसीची झेरॉक्स आणावी, म्हणजे अक्षर न् अक्षर ताडून पाहता येईल. रविवारी मिस्सेनंतर गर्दी असते. गुरुवारी सायंकाळी यावे.