ट्रकला टर्बो केवढा बसवायचा? 'मोठा म्हणजे भारी' हे गणित कुठे चुकतं?

आटपाडीच्या माझ्या मामांची एक जुनी दहा टायरी आहे, टाटा २५१८. सीझनला डाळिंब भरून वाशी मार्केटला जायचं आणि येताना खत किंवा मिळेल तो माल घेऊन परत यायचं, हा त्यांचा धंदा. दोन वर्षांपूर्वी गाडी घाटात ओढत नाही म्हणून त्यांनी एका गॅरेजमध्ये वापरलेला मोठा टर्बो बसवून घेतला आणि पंपाचा स्क्रूही वाढवून घेतला. मी विचारलं, "साइज कशी ठरवली?" तर म्हणाले, "आरं, मोठा बसवला की जास्त ओढणार. त्यात काय इचारायचं?"

पुढच्याच खेपेला बोरघाटात गाडीने काळा धूर सोडला आणि इंजिन इतकं तापलं की हेड गॅस्केट गेलं. माल दोन दिवस रस्त्यावर पडून राहिला.

मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी डिग्री इंजिनिअरिंगची आहे. तेव्हा हे गणित नीट बसवून बघितलं. ते मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होण्याइतकं सोपं आहे.

टर्बो नेमकं काय करतो?

डिझेल जाळायला हवा लागते. जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल, आणि जास्त डिझेल पूर्ण जळायचं तर जास्त हवा. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, ते टर्बाइन. त्याच्यासोबत फिरणारं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं, तो कॉम्प्रेसर. ट्रकच्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं.

थोडक्यात, फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर जास्त हवा मिळते. पण धुरात जोर असेल तरच.

मोठा टर्बो का फसतो?

विहिरीचं उदाहरण घ्या. विहिरीला झरा पाच एचपीच्या मोटारीपुरता असेल आणि तुम्ही पंधराची मोटार टाकली, तर पाणी तिप्पट येत नाही. टर्बोचंही तसंच. कमी आरपीएमला इंजिनातून धूर कमी निघतो. मोठं जड चाक तेवढ्या धुरावर वेग घेत नाही, म्हणून दाब तयार व्हायला वेळ लागतो. यालाच 'टर्बो लॅग' म्हणतात. या वेळात पंप मात्र वाढवलेलं डिझेल ओततच असतो. हवा नाही आणि डिझेल भरपूर, म्हणजे काळा धूर आणि टर्बाइनआधी ७०० अंशांच्या वर जाणारं धुराचं तापमान. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टन त्याच धातूच्या मिश्रणाचा असतो. खालून ऑइलने गार होतो म्हणून तो टिकतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

उलट, टर्बो फार लहान असेल तर खालच्या आरपीएमला गाडी झकास उचलते, पण वरच्या आरपीएमला तो पुरेशी हवा देऊ शकत नाही. धूर त्याच्यातून बाहेर पडताना कोंडतो आणि दांड्याचा वेग धोक्याच्या पुढे जातो.

आता गणित करू

टाटाच्या जुन्या नंबरांतच बरीच माहिती असते. २५१८ म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन साधारण २५ टन आणि ताकद साधारण १८० अश्वशक्ती. इंजिन कमिन्सचं ५.९ लिटर, सहा सिलिंडर. समजा आपल्याला २५०० आरपीएमला २३० अश्वशक्ती हवी आहे.

पायरी १: डिझेल किती लागेल? २३० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १६९ किलोवॅट. असं इंजिन एका किलोवॅटला तासाला साधारण २२० ग्रॅम डिझेल खातं. म्हणजे तासाला सुमारे ३७ किलो.

पायरी २: हवा किती लागेल? धूर न करता जाळायचं तर एक किलो डिझेलला साधारण २२ किलो हवा धरा. ३७ गुणिले २२ म्हणजे तासाला सुमारे ८१५ किलो, मिनिटाला १३.६ किलो. टर्बोचे तक्ते बहुतेक वेळा पौंडात असतात, म्हणून २.२ ने गुणा: मिनिटाला ३० पौंड.

पायरी ३: दाब किती लागेल? हे इंजिन २५०० आरपीएमला मिनिटाला साधारण ६.६ घनमीटर हवा आत ओढतं. तेवढ्या जागेत १३.६ किलो हवा बसवायची, इंटरकूलरनंतर ती ५५ अंशांवर आहे असं धरलं, तर दाब सुमारे १.९४ बार लागतो. इंटरकूलर आणि पाइपमध्ये ०.१ बार जातो, म्हणजे कॉम्प्रेसरने २.०४ बार द्यायला हवा. आपल्याकडे पठारावर हवेचा दाब ०.९५ बार धरू. एअर फिल्टरमध्ये ०.०३ गेला, उरला ०.९२. आता २.०४ भागिले ०.९२ म्हणजे सुमारे २.२. याला प्रेशर रेशो म्हणतात. मीटरवर हाच बूस्ट साधारण १ बार दिसेल.

एक आकडा पुरत नाही

बहुतेक जण इथेच थांबतात. ३० पौंड हवा देणारा टर्बो घेतला, झालं! पण आपली गाडी २५०० आरपीएमला किती वेळ चालते?

वाशीला जाताना बोरघाट उतरायचा असतो. खरी परीक्षा परतताना. खोपोलीहून बोरघाट चढायचा आणि पुण्यातून साताऱ्याकडे येताना खंबाटकी चढायची. भरलेली गाडी तिथे १४०० आरपीएमच्या आसपास रेटत असते. त्या वेगाला, त्याच दाबाने, हवा लागते मिनिटाला साधारण १७ पौंड.

म्हणजे आपल्याला असा टर्बो हवा जो २.२ च्या रेशोवर १७ पौंडांपासून ३० पौंडांपर्यंत नीट काम करेल. हे कॉम्प्रेसर मॅपवर दिसतं. कंपनीचा मॅप मोबाईलवर उघडा. आडव्या रेषेवर हवा, उभ्या रेषेवर प्रेशर रेशो, आणि मध्ये डोंगराच्या नकाशासारखी वर्तुळं. आतल्या वर्तुळात कार्यक्षमता सर्वांत जास्त. डाव्या कडेला 'सर्ज'ची रेषा असते. तिच्या डावीकडे गेलात तर दाबलेली हवा उलटी फिरते, टर्बो फडफडल्यासारखा आवाज करतो आणि बेअरिंग मार खातं. उजव्या कडेच्या पलीकडे 'चोक', म्हणजे चाकातून याहून जास्त हवा जातच नाही.

तुमचे दोन्ही बिंदू मॅपवर ठेवा. १७ चा बिंदू सर्जच्या उजवीकडे आणि ३० चा आतल्या वर्तुळांजवळ असेल, तर कॉम्प्रेसरची साइज जमली. मामांच्या टर्बोचा मॅप मी नंतर पाहिला. १७ चा बिंदू सर्जच्या रेषेबाहेर होता.

टर्बाइनचं घरही बघा

नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं. टर्बाइनच्या घराचं तोंड लहान असेल तर धूर तसाच जोरात चाकावर आदळतो आणि बूस्ट लवकर येतो, पण वरच्या आरपीएमला कोंडतो. काही कंपन्या हे माप ए/आर रेशोमध्ये देतात, तर होलसेट चौरस सेंटीमीटरमध्ये: १२, १४, १६ वगैरे. वेस्टगेट असलेला टर्बो जास्तीचा धूर बाजूने सोडतो, म्हणून त्याला थोडं लहान घर चालतं.

यूट्यूब बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा

हेच ५.९ लिटर कमिन्स अमेरिकेत डॉज रॅम पिकअपमध्ये १९८९ पासून होतं, म्हणून त्याच्या मॉडिफिकेशनचे ढीगभर व्हिडिओ सापडतात. पण ती पिकअप. मोकळ्या रस्त्यावर हलकी गाडी पळवणाऱ्याला थोडा लॅग चालतो, २५ टन घेऊन चढणाऱ्याला नाही. दुसऱ्याचा टर्बो कॉपी करू नका, आपल्या आरपीएमचं गणित करा.

कायदा आणि ब्रेक

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला आरटीओला विचारल्याशिवाय हात लावू नका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये टर्बो, सेन्सर आणि धूर साफ करणारी यंत्रणा एकमेकांत गुंतलेली असते, तिथे हा नाद नकोच. आणि ताकद वाढवली तरी ब्रेक, क्लच, रेडिएटर तेच राहतात. चढताना कमावलेला वेळ उतरताना महागात पडू शकतो.

मग मामांचं काय झालं?

मूळ साइजचा टर्बो परत बसवला आणि पंप बेंचवर लावून कंपनीच्या सेटिंगला आणला. तेव्हाच कळलं की इंटरकूलरचा होज क्लिपपाशी फाटला होता आणि एअर फिल्टर मातीने भरला होता. होज दुरुस्त करून फिल्टर बदलल्यावर गाडी पहिल्यासारखी चढायला लागली. म्हणजे टर्बो लहान नव्हताच. त्याने दाबलेली हवा वाटेतच गळत होती.

म्हणून गाडी ओढत नसेल तर क्रम असा ठेवा: आधी फिल्टर, मग होज, मग बूस्टचा मीटर लावून दाब मोजा. मोठ्या टर्बोचं गणित त्यानंतर. मामा आता घाट चढताना मीटरकडे बघतात आणि फोनवर मला आकडा सांगतात.