मनगटावरचं घड्याळ, माळ्यावरचा ४८६

आज दोन छंद एकत्र: रोजचं घड्याळ आणि जुना कॉम्प्युटर. म्हणाल, संबंध काय?

क्वार्ट्झ घड्याळात इवलासा स्फटिक असतो. सेलच्या विजेवर तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा असा विचित्र का? १५ वेळा निम्मा करत जा, बरोबर १ उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका, काटा एक घर पुढे. आता १९८४ चा आयबीएम पीसी एटी बघा. वेळ सांभाळायला त्यातही तोच ३२,७६८ चा स्फटिक! मशीन बंद असलं तरी तारीख लक्षात राहते ती बॅटरीमुळे.

आणि खरी गोची तिथेच आहे. ३८६, ४८६ च्या बऱ्याच मदरबोर्डवर निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. ती पाझरली की तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. आपल्या माकुणसारच्या दमट हवेत तर विचारूच नका. म्हणून माळ्यावरून मशीन काढलं की ‘चालू होतंय का’ हे नंतर. आधी प्लग काढलेला आहे ना बघा, झाकण उघडा, बॅटरी काढा. हिरवट डाग दिसला तर हातमोजे घालून पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू द्या. ड्रॉवरमधल्या बंद घड्याळाचा सेलही काढून टाका.

एचएमटी जनतावाले हसत असतील. चावीचं घड्याळ, सेलच नाही! पण बाबांनो, आतलं तेल वर्षानुवर्षांत सुकतं. आजोबांचं जनता रोज घालायचं असेल तर आधी कारागिराकडून सर्व्हिस करून घ्या, आणि चावी अडली तर जोर लावू नका.