अर्ध्या मेंदूने झोपणारी बदके

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावर वसलेले नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तेथे थापट्या, तलवार बदक असे स्थलांतरित पक्षी उतरतात आणि दिवसाही पाण्यावर झोप घेताना दिसतात. ही झोप मात्र नेहमीच पूर्ण नसते.

१९९९ मध्ये अमेरिकेतील नील्स रॅटनबोर्ग व सहकाऱ्यांनी मॅलार्ड बदकांना ओळीने झोपवून त्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदवल्या, तेव्हा ओळीच्या टोकाची बदके मधल्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळ एक डोळा उघडा ठेवून झोपतात आणि तो डोळा बहुधा बाहेरच्या, म्हणजे धोक्याच्या, दिशेला असतो, असे आढळले.

पक्ष्यांमध्ये प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिचेतेचे तंतू, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारे धागे, जवळजवळ सर्वच विरुद्ध बाजूच्या मेंदूगोलार्धात जातात; त्यामुळे डावा डोळा उघडा असताना उजवा गोलार्ध जागा राहतो व डावा झोपतो. या अवस्थेला एकगोलार्धी निद्रा म्हणतात. अवधान ही केवळ इच्छेची बाब नसून थव्यातील जागेनुसार मेंदू ते वाटून देतो, हे येथे विलक्षण स्पष्टपणे दिसते.

माणूसही यातून पुरता सुटलेला नाही. अनोळखी जागी पहिल्या रात्री त्याचा डावा गोलार्ध तुलनेने उथळ झोपतो, असे २०१६ मधील एका अभ्यासात दिसले. पंचवटीतील धर्मशाळेत पहिल्या रात्री कूस बदलणाऱ्या यात्रेकरूने केवळ गादीला दोष देऊ नये.

बदकांची ही अर्धी झोप पाहू इच्छिणाऱ्या निरीक्षकांनी थव्याच्या कडेचे पक्षी दुर्बिणीतून, पुरेशा अंतरावरूनच पाहावेत.