वाळूखालचा रस्ता : फावडे, शॉवेल की ग्रेडर?

हिवाळा आला की कॅनडातील आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील आपल्या कुटुंबांत एक प्रश्न दरवर्षी चर्चेला येतो : फाटकापासून घरापर्यंतच्या लांब, खडीच्या रस्त्यावरील बर्फ कशाने काढावा? ओमानमध्ये नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रश्न मुळीच परका नाही. आमच्याकडे बर्फाच्या जागी वाळू आहे आणि हिवाळ्याच्या जागी भर उन्हाळा, इतकाच काय तो फरक.

मस्कतच्या आग्नेयेस शर्किया वाळवंट पसरले आहे. जुन्या नकाशांत त्याचे नाव वहिबा असे आढळते. क्षेत्रफळ सुमारे १२,५०० चौरस किलोमीटर, आणि उत्तर-दक्षिण पसरलेल्या वाळूच्या रांगा कुठे कुठे १०० मीटरपर्यंत उंच. या वाळवंटाच्या कडेने आणि किनारपट्टीने जाणाऱ्या रस्त्यांवर वाळू सतत सरकत असते. डांबरी महामार्गांची व्यवस्था सरकार पाहते. मात्र कामगारांची वसाहत, एखादे शेत किंवा बिदियाजवळचे पर्यटकांचे तंबू यांच्याकडे जाणारा, येथे ‘ग्रेडेड रोड’ म्हणून ओळखला जाणारा कच्चा खडीचा रस्ता मोकळा ठेवणे हे ज्याचे त्याचे काम असते. आपल्यापैकी अनेकजण साइटवर पर्यवेक्षक, मेकॅनिक किंवा सुरक्षा अधिकारी आहेत, त्यामुळे हे काम कशाने करून घ्यायचे याचा निर्णय बहुधा आपल्याच टेबलावर येतो.

निर्णयापूर्वी थोडा हिशेब मांडावा. समजा, रस्ता एक किलोमीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे आणि त्यावर सरासरी १५ सेंटिमीटर वाळू साचली आहे. ती होते ६०० घनमीटर, म्हणजे वजनाने साडेनऊशे टनांच्या आसपास. तेवढाच ताजा, भुसभुशीत बर्फ जेमतेम ६० टन भरेल. १५ लिटरच्या घमेल्याने ही वाळू उचलायची तर ४०,००० घमेली होतात. जेसीबीच्या पुढच्या, सुमारे एक घनमीटरच्या बकेटने ६०० फेऱ्या लागतील आणि तीन घनमीटरच्या शॉवेलने, म्हणजे व्हील लोडरने, २००.

तरीही पहिली सूचना बहुतेक वेळा एकच असते : “सहा हेल्पर पाठवा, फावडी द्या.” कारण उघड आहे. हेल्परचा पगार आधीच चालू असतो, यंत्राचे भाडे मात्र नव्याने द्यावे लागते. पण येथे वाऱ्याचा हंगामही ध्यानात घ्यावा लागतो. नैर्ऋत्येचा जोरकस मोसमी वारा जून ते सप्टेंबर या काळात वाळू हलवतो आणि नेमके जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास ओमानच्या नियमांनी बंदी आहे. ज्या दिवसांत वाळू सर्वाधिक येते, त्याच दिवसांत माणूस तेथे सर्वांत कमी वेळ उभा राहू शकतो. सहा माणसे सकाळभर जेवढे उपसतील, त्यातले बरेचसे संध्याकाळपर्यंत परत आलेले असेल.

आम्हाला या सूचनेची चीड येते, त्यामागे जुनी आठवणही आहे. चावडी झाडणे, साहेबाची स्वारी येणार म्हणून वाट साफ करणे ही कामे महार वतनाच्या नावाखाली आपल्या आजोबा-पणजोबांच्या माथी होती. ती वतने १९५८च्या कायद्याने संपली. बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींवरील ग्रंथात यंत्रविरोधी विचाराचा सविस्तर समाचार घेतला आहे. यंत्र माणसाला पशुवत कष्टातून सोडवते आणि फुरसत देते, फुरसतीवाचून संस्कृती नाही, आणि यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती जात असेल तर यंत्र नव्हे, समाजरचना बदलली पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. भाड्याच्या यंत्रासाठी व्यवस्थापकाकडे अर्ज करताना हा युक्तिवाद लिहिता येत नाही, हे खरे. ४०,००० घमेल्यांचा हिशेब मात्र लिहिता येतो, आणि तो बहुधा पटतो.

आता कोणते यंत्र? खडीच्या रस्त्याची अडचण बर्फात आणि वाळूत एकच आहे : पाते जमिनीला टेकले की खडीही उचलली जाते. म्हणूनच बर्फाच्या प्रदेशात एका टप्प्याचे स्नोब्लोअर खडीवर वापरू नये असे सांगतात. त्याची फिरकी जमिनीला घासते आणि दगड गोळीसारखे उडतात. दोन टप्प्यांचे यंत्र घसरपट्ट्यांवर थोडे उचलून चालवतात आणि पहिल्या बर्फाचा पातळ थर दाबून तसाच गोठू देतात. आमच्याकडे गोठणे नाही, परंतु तत्त्व तेच. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर वाळू राहू द्यावी. गाडीला ती नडत नाही आणि खडी वाचते. रस्ता अगदी स्वच्छ दिसावा हा हट्ट दर महिन्याला रस्ता पातळ करीत जातो.

शे-दोनशे मीटरच्या वाटेला बॉबकॅट पुरेसा आहे, पण शक्य तर चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारा घ्यावा, कारण चाके मऊ वाळूत रुततात. शेतावर फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर असेलच तर त्यामागे पाते जोडणे सर्वांत स्वस्त पडते. किलोमीटरभर किंवा त्याहून लांब रस्त्याला मात्र जोडी हवी : ढीग उचलण्यासाठी शॉवेल आणि त्यामागून खडी सारखी करण्यासाठी ग्रेडर. एकट्या ग्रेडरवर भागवू पाहणारे पुष्कळ आहेत. तो वाळू बाजूला सारतो, परंतु काठावर बांध तयार होतो, त्या बांधाच्या आडोशाला वारा मंदावतो आणि नवी वाळू पुन्हा रस्त्यावरच पडते. शॉवेलची बकेट सपाट धारेची मागावी. दात असलेली बकेट वादीच्या पुराने वाहून आलेल्या दगडगोट्यांसाठी ठीक, वाळूवर ती खडी उकरते.

यंत्र विकत घेण्यापेक्षा ऑपरेटरसह भाड्याने घेणे आम्हाला बहुतेक ठिकाणी शहाणपणाचे वाटते. डिझेल कोणाचे, केबिनचा एसी चालू आहे का आणि एअर फिल्टर केव्हा बदलला, एवढे आधीच विचारावे. एसी बंद असलेल्या केबिनमध्ये माणूस बसवला तर फावडे बरे म्हणायची पाळी येते. काम पहाटे सुरू करावे. किनाऱ्याजवळ रात्री दव पडते, ओलसर वाळू बकेटमध्ये टिकते आणि धुरळाही कमी उडतो.

उचललेली वाळू वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूस, रस्त्यापासून दूर नेऊन पसरावी. ढीग ठेवू नये. वाऱ्याकडच्या बाजूला, रस्त्यापासून पुरेसे अंतर सोडून, खजुराच्या झावळ्यांचे विरळ कुंपण घालावे. ते भिंतीसारखे गच्च नको. वारा आरपार जाऊन मंद झाला की वाळू कुंपणापाशीच बसते. कुंपण भरत आले की त्याच्यावर दुसरे उभारावे लागते, तेव्हा झावळ्यांची सोय हंगामापूर्वीच, मे महिन्यात करून ठेवलेली बरी.